शास्त्रीय गाण्यासाठी स्पीकर बदलायचेत : फ्लोअरस्टँडर की बुकशेल्फ?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. घरातले बुकशेल्फ (कपाटात किंवा स्टँडवर ठेवायचे लहान) स्पीकर बदलायचं ठरवलंय, पण दुकानदार, मित्र आणि यूट्यूब या तिघांनी तीन दिशांना ओढल्यामुळे इथे विचारतोय.

आधी परिस्थिती सांगतो. पुण्यात जुन्या इमारतीत राहतो. गाणं ऐकायची खोली १२ बाय ११ फूट, छत १० फुटांवर. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. स्पीकर १२ फुटांच्या दिशेनं मांडलेत : मागच्या भिंतीपासून दोन फूट, बाजूच्या भिंतींपासूनही दोन-दोन फूट, स्टँडवर. समोरच्या भिंतीला टेकून गादी आहे, तिच्यावर मांडी घालून ऐकतो. खुर्ची-सोफा नाही आणि ठेवायचाही नाही. अ‍ॅम्प्लिफायर साधा दोन चॅनलचा, ५० वॅटचा, तो उत्तम चाललाय.

ऐकणं म्हणजे ऐंशी टक्के ख्याल, त्यानंतर तबला सोलो, थोडं नाट्यसंगीत. तबकड्या आहेत, बाकी सगळं संगणकावरून.

तक्रार दोन प्रकारची आहे. पांढरी दोनमध्ये (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, तिथे सा) गाणाऱ्या गायकांची रेकॉर्डिंग लावली की तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, खोलीभर घुमतो, त्यात डग्गा बुडून जातो. उलट काळी एकमध्ये गाणाऱ्यांचा मध्य षड्ज पातळ लागतो. गायक षड्जावर येऊन थांबतो आणि तिथेच आवाजातली भरीवता नाहीशी होते. तोच गायक मध्यमावर, पंचमावर गेला की आवाज पुन्हा भरतो.

दुकानदार म्हणतो, फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घ्या, बास (खालचा आवाज) भरपूर मिळेल, प्रश्न मिटेल. बजेट स्पीकरसाठी साधारण एक लाख. काय करावं?

एकताल

दुकानात जाताना स्वतःची रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर न्या. डेमोसाठी ते जे लावतात त्यात घुंगरू, काचेचे आवाज आणि मोठमोठे ढोल असतात. त्यावरून ख्यालाचा काहीही अंदाज येत नाही.

सोल्डरगन

मंद्रसप्तक, तुम्ही मापं आणि पट्टी दोन्ही दिलीत, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं कागदावरच निघतं. थोडं सविस्तर लिहितो.

आधी घुमणारा खर्ज. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीच्या काही ठरावीक कंपनसंख्या अडकतात आणि फुगतात. सगळ्यात खालची काढायला आवाजाचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं भागायचा. तुमच्या १२ फुटांसाठी येतात ४७ हर्ट्झ. छत आणि फरशी यांच्या १० फुटांसाठी ५६ हर्ट्झ. पण या जोड्या एकेकट्याच काम करतात असं नाही. लांबी आणि उंची मिळून आणखी एक तयार होते, ती या दोन संख्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ : ७३ हर्ट्झ.

आता पांढरी दोनचा मध्य षड्ज साधारण १४७ हर्ट्झवर आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ७३. तुमची खोली नेमकी त्या तारेला सूर देतेय.

शिवाय ही फूग भिंतीलगत सगळ्यात जास्त असते आणि तुमची गादी भिंतीला टेकलेली आहे. उंचीच्या दिशेनंही ती फरशीजवळ जास्त असते. सोफ्यावर बसणाऱ्याचे कान जमिनीपासून मीटरभर वर असतात, मांडी घालून बसणाऱ्याचे पाऊण मीटरवर. म्हणून खाली बसणाऱ्याला हा खर्ज जास्तच जाणवणार.

आता पातळ षड्ज. स्पीकरमधून निघालेला खालचा आवाज मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो आणि थेट आवाजात मिसळतो. ज्या कंपनसंख्येला हा जादाचा प्रवास अर्ध्या तरंगलांबीएवढा पडतो, तिथे दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात. दोन फुटांसाठी हा आकडा येतो १४० हर्ट्झ. काळी एकचा मध्य षड्ज आहे १३९.

बाजूची भिंतही दोन फुटांवर आहे. स्टँडवरच्या स्पीकरचा वूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा शंकू) फरशीपासून किती उंचावर आहे ते मोजून बघा. तोही दोन फुटांच्या आसपास निघाला तर मागची भिंत, बाजूची भिंत आणि फरशी असे तीन खड्डे एकाच जागी पडताहेत आणि नेमके षड्जावर पडताहेत.

यातलं काहीही नवा स्पीकर आणून बदलणार नाही. फ्लोअरस्टँडर आणलात तर ७३ ला आणखी ताकद मिळेल आणि घुमणं वाढेल. मी ठामपणे सांगतो, आधी हलवाहलव करा, पैसे नंतर.

मंद्रसप्तक

सोल्डरगन, थक्क झालो. वूफरचा मध्य फरशीपासून २५ इंचांवर आहे.

मग हलवू कसं? खोली तेवढीच आहे.

सोल्डरगन

तीन अंतरं तीन वेगळ्या मापांची ठेवा, म्हणजे खड्डे विखुरतील आणि एकेक उथळ होईल. मागची भिंत एका फुटावर आणा, खड्डा २८० च्या आसपास सरकेल, आणि तिथे भिंतीवर चार इंच जाड रॉकवूलचं (दगडी तंतूंच्या लोकरीचं) पॅनेल उपयोगी पडतं. तुमच्या स्पीकरला मागच्या बाजूला पोर्टचं भोक असेल तर मात्र भिंतीजवळ नेल्यावर बास फुगेल. भोकात फोमचा बोळा घालून बघा, बऱ्याच कंपन्या तो सोबतच देतात. बाजूच्या भिंतीपासून अडीच-तीन फूट ठेवा.

गादी भिंतीपासून पुढे ओढा. १२ फुटांच्या खोलीत मागून चार-साडेचार फूट ही चांगली जागा आहे. तिथे ४७ आणि ७३ या दोन्हींचा जोर भिंतीलगतच्या मानानं निम्म्याहून कमी होतो. बरोबर मध्यावर मात्र बसू नका, तिथे ९४ हर्ट्झ फुगते. स्पीकर आणि तुम्ही यांच्यात सहा-सात फुटांचा त्रिकोण तयार होईल. छोट्या खोलीत जवळून ऐकणं फार चांगलं असतं, कारण भिंतींवरून येणाऱ्या आवाजाच्या मानानं थेट आवाज जास्त मिळतो.

गादीमागे मोकळी जागा राहिली की तिथल्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट लावा.

न्यूजर्सीकर

एक गोष्ट जोडतो. इकडच्या मंचांवरचा सल्ला वाचून भारतात खोली सजवणारे बरेच दिसतात. इकडे घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्डाच्या. खालचा बास त्यांतून काही प्रमाणात बाहेर निघून जातो, काही त्या स्वतः हलून शोषतात. विटांची आणि आरसीसीची खोली बासला आत कोंडून ठेवते. म्हणून इथे जो स्पीकर थोडा अशक्त वाटतो तो पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बरोबर बसू शकतो, आणि इथे दणकट वाटणारा तिकडे असह्य होतो. परीक्षणं वाचताना समीक्षकाची खोली कसली आहे ते जरूर बघा.

जवारी

मी गाते आणि शिकवते, त्यामुळे स्पीकरकडे जरा वेगळ्या बाजूनं बघते. मंद्रसप्तकदादा, खर्जासाठी मोठा बास लागतो ही समजूतच मला पटत नाही.

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिचा मूळ स्वर फार जोरात नसतो. जवारीमुळे तार घोडीच्या वक्र पृष्ठभागाला घासत-सुटत राहते आणि वरचे स्वयंभू स्वर (तारेतून आपोआप उमटणारे स्वरांश) एकापाठोपाठ उमलत जातात. गंधार ऐकू येतो तो त्यातूनच. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं आहे. तार जिथे छेडली त्यामुळे जे स्वरांश उमटायला नकोत, तेही या घोडीमुळे स्पष्ट ऐकू येतात हे त्यांनी दाखवलं. खर्जाची जाणीव आपला कान या वरच्या स्वरांशांवरून स्वतः जुळवतो. म्हणून तर लहानशा रेडिओवरही तंबोरा खर्जात आहे हे कळतं.

याचा अर्थ असा की आपल्या गाण्यासाठी स्पीकरचं खरं काम साधारण १०० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात आहे. तिथे तो खोटं बोलत असेल तर खाली कितीही बास असो, काही उपयोग नाही. मी दुकानात ऐकायला जाते तेव्हा फक्त तंबोरा वाजत असलेला आलापाआधीचा भाग लावते. चारही तारा वेगळ्या ऐकू येतात का? जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या असतील तर त्यांच्यातली हलकी लाट जाणवते का? जवारी उघडी आहे की बंद, ते कळतं का? खराब स्पीकरवर तंबोऱ्याचा नुसता धूर होतो.

त्यानंतर आकार. 'आ' म्हणताना गळा उघडा असणं आणि नाकात जाणं यांतला फरक ज्या स्पीकरवर ऐकू येत नाही, तो मी नापास करते. मग तबला. चाटेवरचा 'ना', मैदानातला 'तीं' आणि शाईवरचा 'तिट' हे तीन वेगळ्या ठिकाणांहून आलेले ऐकू आले पाहिजेत. तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे उपस्वर सुरेल नात्यात येतात हेही रामन यांनीच १९२० मध्ये मांडलं. तबला सुरात लागतो तो त्यामुळे. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) कर्कश असला की तबल्याचा सूर जातो आणि नुसती टकटक उरते.

एकताल

जवारीताई, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. घसीट आणि मींड यांचंही लिहा.

जवारी

डग्ग्याची घसीट खालून वर सरकते, म्हणजे एकाच आवाजात वूफरची बरीचशी खालची पट्टी तपासली जाते. ती एका ठिकाणी अचानक मोठी आणि पुढे लहान झाली तर खोली किंवा स्पीकर मध्ये येतोय असं समजायचं. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) वरच्या बाजूला तेच काम करते : गायिका मध्य सप्तकातून तार षड्जाकडे जाते तेव्हा तिच्या आवाजातले वरचे स्वरांश वूफरकडून हळूहळू ट्वीटरकडे सोपवले जातात. क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) नीट जमला नसेल तर तिथे आवाजाचा पोत बदलतो. स्त्री-आवाजाच्या ताना आणि सारंगी या दोन्हींवर हे लगेच पकडता येतं.

लीड्सकर

हा धागा वाचून मला बीबीसीच्या एलएस३/५ए बद्दल लिहावंसं वाटलं. माणसाचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून लहान स्पीकर कसा घडवला गेला याचं त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्या अभियंत्यांना बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावेल असा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) हवा होता. मोठ्या स्टुडिओंची ध्वनिरचना लहान प्रतिकृती बांधून अभ्यासायचं काम त्यांच्याकडे आधी झालं होतं, त्या कामासाठीचा छोटा स्पीकर यामागे होता. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, बंद पेटी, केफ कंपनीचे बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर. पेटीला जाड एमडीएफऐवजी (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीऐवजी) पातळ बर्च प्लाय, आतून डांबरी थर. पेटी हलू द्यायची, पण आवाजाच्या महत्त्वाच्या पट्ट्याबाहेर, आणि तिचं हलणं लगेच मारायचं, असा हा विचार होता. क्रॉसओव्हरही त्या आकाराच्या मानानं बराच गुंतागुंतीचा. परवाना घेऊन रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ, केफ अशा कंपन्यांनी तो बनवला. आजही फाल्कन, ग्रॅहम आणि रॉजर्स त्याच्या आवृत्त्या विकतात. फाल्कनचे माल्कम जोन्स यांनीच मुळात केफमध्ये असताना बी११० आणि टी२७ घडवले होते.

माझ्याकडे जुनी जोडी आहे. ख्याल ऐकताना गायक दोन स्पीकरच्या मधोमध, बसल्या जागी दिसायला लागतो. बास साधारण ७०-८० हर्ट्झखाली उतरायला लागतो, पण जवारीताई म्हणतात तसं तंबोरा त्यामुळे अपुरा वाटत नाही.

नवीन जोडी मंद्रसप्तक यांच्या बजेटच्या बरीच पलीकडे जाईल. पण त्यामागचं तत्त्व त्यांच्या कामाचं आहे : लहान खोली, जवळून ऐकणं, मध्यपट्टी खरी आणि बासचा मोह कमी.

वॅटवाला

एलएस३/५ए ची संवेदनशीलता जेमतेम ८२-८३ डेसिबल. ५० वॅटवर तो काय वाजणार? मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागेल.

सोल्डरगन

सहा फुटांवर बसणाऱ्याला नाही लागणार. हिशेब असा. ८६ डेसिबलचा स्पीकर म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८६. सहा फुटांवर पाचेक डेसिबल जातात आणि साधारण तेवढेच दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती परत देतात. म्हणजे तुमच्या गादीवर एका वॅटला सुमारे ८६. घरात ख्याल ऐकताना सरासरी ७५-८० पुरे होते. तिहाईची थाप किंवा खुल्या आवाजातली तान क्षणभर ९५-९६ ला गेली असं धरू. दहा डेसिबल वाढवायला दहापट वीज लागते, म्हणजे १० वॅट. ८२.५ च्या स्पीकरला तेच २२-२३ वॅट. ५० वॅट दोन्हींना पुरतात.

मोठ्या हॉलमध्ये बारा फुटांवर बसून हेच करायचं असेल तर गणित बदलेल, तिथे वॅटवाला यांचा मुद्दा बरोबर आहे. वॅट मोजण्यापेक्षा स्पीकरचा ओहम (विजेला होणारा विरोध) किती खाली उतरतो ते बघा. ४ ओहमच्या खाली जाणारे स्पीकर साध्या अ‍ॅम्प्लिफायरला तापवतात.

रत्नदुर्ग

मी रत्नागिरीहून. मंद्रसप्तक, जुने स्पीकर किती जुने आहेत? वूफरच्या कडेची गोल पट्टी फोमची आहे की रबराची?

मंद्रसप्तक

पंधरा-वीस वर्षं झाली असतील. पट्टी फोमची आहे, दोन ठिकाणी बोट लावलं तर भुगा होतो.

रत्नदुर्ग

मग बास बिघडण्यात तिचाही वाटा असू शकतो. ही पॉलियुरेथेनची पट्टी उष्णतेनं आणि दमटपणानं आतून विरघळत जाते. आमच्याकडे किनाऱ्यावर ती घाटावरच्या मानानं लवकर जाते. पट्टी बदलून मिळते, त्याला फार खर्च नाही, फक्त कारागीर हाताचा नीट हवा. कॉइल (शंकूमागची तारेची गुंडाळी) मधोमध बसवला नाही तर तो घासतो. तपासायला शंकूच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलक्या हातानं आत दाबा, खरखर ऐकू आली तर कॉइल घासतोय.

कोकणात किंवा मुंबईत स्पीकर घेणाऱ्या सगळ्यांनी रबरी पट्टीच घ्यावी असं माझं मत आहे. पावसाळ्यात कागदी शंकूवर बुरशी धरते, मागच्या टर्मिनलवर गंज चढतो आणि तारेच्या टोकाला हिरवा थर येतो. टोकं कापून नवी सोलून लावा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. एमडीएफची पेटी थेट फरशीवर ठेवू नका. ती ओल ओढते, फुगते आणि वाळवी लागली तर मागून सगळी पोखरेपर्यंत कळत नाही.

सेकंडहँड

वापरलेली जोडी बघणाऱ्यांसाठी एक चाचणी. अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर टाका किंवा मोनो रेकॉर्डिंग लावा, दोन्ही स्पीकर शेजारी शेजारी ठेवा आणि बॅलन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दोन्ही एकसारखे वाजले पाहिजेत. एक जरी मंद किंवा नाकातून बोलल्यासारखा वाटला तर ट्वीटर किंवा क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर गेला असण्याची शक्यता आहे. मग नेहमीच्या जागी ठेवून मोनोच ऐका : आवाज मधोमध, एका जागी बसायला हवा.

तांब्याचीतार

कुणीच केबलबद्दल का बोलत नाही? चांगल्या चांदीच्या मुलाम्याच्या केबलनं तंबोरा उघडतो, हा माझा अनुभव आहे.

सोल्डरगन

तुमचा अनुभव मी नाकारत नाही, पण मंद्रसप्तक यांच्या लाखातून केबलसाठी रक्कम बाजूला काढायला माझा विरोध आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, एकूण ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे नगण्य आहे. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारी शुद्ध तांब्याची तार घ्या आणि उरलेले पैसे स्टँड आणि रॉकवूलवर लावा.

कानसेन

डोळे झाकून तुलना करायची सवय लावा, असं मला सगळ्यांनाच कळकळीनं सांगायचंय. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हर्मनमध्ये फ्लॉइड टूल, आणि त्यांच्यासोबत शॉन ऑलिव्ह, यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले. ब्रँड आणि आकार दिसत नसला की बहुतेकांची पसंती एकाच दिशेला जाते : समोरून सपाट आवाज देणारा आणि बाजूंनाही तसाच, हळूहळू उतरत जाणारा आवाज टाकणारा स्पीकर. खोलीत आपण भिंतींवरून आलेलं जे ऐकतो ते त्या बाजूच्या आवाजातूनच बनतं. स्पिनोरामा नावाचा मोजणीचा आलेख यातूनच आला. बऱ्याच स्पीकरचे असे आलेख आता फुकट बघायला मिळतात. विकत घेण्याआधी बघा.

आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज मोजून समान करा. एक डेसिबलनं मोठा असलेला स्पीकर नेहमी जास्त 'जिवंत' वाटतो.

जवारी

आलेख बघावेत, पण शेवटी तासभर ऐकून मगच ठरवावं. पहिल्या पाच मिनिटांत चमकदार वाटणारा स्पीकर विलंबित ख्याल अर्धा झाला की थकवतो. कान थकला हे कळायला वेळ द्यावा लागतो.

कानसेन

ताई, पूर्ण सहमत. टूल यांचंही म्हणणं आलेख आणि कान एकमेकांना दुजोरा देतात असंच आहे.

देशीध्वनी

भारतीय पर्यायांकडेही बघा. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून आहे, त्यांचे स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आत असलेले स्टुडिओ मॉनिटर जवळून ऐकायला चांगले आहेत. आपल्या पुण्यातलीच केडन्स कंपनी इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याचे स्पीकर बनवते हे कित्येक पुणेकरांना माहीत नसतं. ते बजेटबाहेर आहेत, पण संधी मिळाली तर आवाज म्हणजे काय ते कळण्यासाठी एकदा ऐकाच.

मंद्रसप्तक

हलवाहलव केली. मागची भिंत एका फुटावर, बाजूच्या अडीच फुटांवर, पोर्टमध्ये फोम. गादी सव्वाचार फूट पुढे. पांढरी दोनमधली रेकॉर्डिंग लावली आणि डग्गा तंबोऱ्यातून सुटून वेगळा उभा राहिला. काळी एकचा षड्जही भरला आहे. हा सगळा फरक जुन्या, फोम गेलेल्या स्पीकरवर!

आता नवीन. यादीत दोन आहेत. एक केफ क्यू१५०, दुसरा व्हार्फडेल लिंटन. लिंटन ८ इंची वूफर, वेगळा मिडरेंज (मधल्या स्वरांचा शंकू) आणि सोबत स्टँड असलेला, संवेदनशीलता ९० डेसिबल, ऐकायला फार ऊबदार. मन तिकडे ओढतंय.

सोल्डरगन

लिंटन उत्तम स्पीकर आहे. खोली १५ बाय १२ ची असती, तुम्ही सोफ्यावर आठ-नऊ फुटांवर बसत असता, तर मीही तोच सांगितला असता. पण तुमच्याकडे दोन अडचणी आहेत.

पहिली, त्याचा खालचा आवाज मोठा आणि पोर्ट मागे. एका फुटावर भिंत असताना तुमची नुकतीच शांत झालेली खोली पुन्हा जागी होईल.

दुसरी महत्त्वाची, आणि इंग्रजी परीक्षणांत ती सापडणार नाही, कारण तिथे कुणी जमिनीवर बसत नाही. वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या वर बसवलेले असतात तेव्हा डिझायनरनं ठरवलेल्या उंचीवर कान असला तरच दोघांचा आवाज नीट जुळतो. कान त्याखाली गेला की क्रॉसओव्हरच्या जागी, बहुतेक स्पीकरमध्ये दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, खड्डा पडतो. बोल आणि सरगम यांतली व्यंजनं तिथेच असतात. सहा फुटांसारख्या जवळच्या अंतरावर हा कोन आणखी तिरपा होतो. तुमचे कान पाऊण मीटरवर आणि लिंटनचं ठरलेलं स्टँड सोफ्याचा हिशेब धरून बनवलेलं.

क्यू१५० मध्ये ट्वीटर वूफरच्या बरोबर मध्यभागी आहे. केफची ही युनि-क्यू रचना १९८८ पासूनची. दोन्ही आवाज एकाच बिंदूतून येत असल्यामुळे कान थोडा खाली-वर झाला तरी जुळणी तुटत नाही. मैफलीसारखं जमिनीवर बसून ऐकणाऱ्यांसाठी मला ही रचना फार मोलाची वाटते. स्टँड १६-१८ इंचांचा, लोखंडी, आत वाळू भरलेला बनवून घ्या. बाजारातला २४ इंची घेऊ नका. पोर्ट याचाही मागेच आहे, फोम राहू द्या.

लीड्सकर

सोल्डरगन यांना अनुमोदन. कुणाला नेहमीच्या रचनेचाच स्पीकर घ्यायचा असेल आणि बैठक जमिनीवर असेल, तर आखूड स्टँड घेऊन ट्वीटर कानाच्या रेषेत आणा, नाहीतर स्पीकर पुढे किंचित झुकवून त्याची रेषा कानावर आणा.

पंखातीन

एक साधी गोष्ट राहिली. छताचा पंखा. त्याच्या आवाजात तंबोऱ्याचे वरचे स्वर बुडतात, आणि जोरात फिरत असेल तर पात्यांवरून परावर्तित होणारा आवाज कापला जाऊन लांब स्वरात थरथर येते. ऐकताना पंखा एकवर ठेवा किंवा बंद करा. अशी मिळणारी प्रत्येक डेसिबलची शांतता फुकट आहे.

मंद्रसप्तक

दुकानातून दोन्ही जोड्या घरी ऐकायला मिळाल्या. मित्राला स्पीकर बदलायला बसवलं, मध्ये सुती पडदा, आवाज फोनच्या मीटरनं समान केला. जवारीताईंनी सांगितलेला तंबोरा, आकार, तबला, घसीट, सगळं क्रमानं. लिंटन काही ठिकाणी जास्त सुखावणारा होता, विशेषतः जुन्या तबकड्यांवर. पण शब्द, सरगम आणि तबल्यावरच्या जागा क्यू१५० वर स्पष्ट होत्या, आणि विलंबित पूर्ण ऐकूनही कान ताजा राहिला. तो घेतला. स्टँड १७ इंची बनवून घेतले. बजेटमधले बरेच पैसे उरले आहेत.

एक गोष्ट अजून खटकते. घसीट खालून वर येताना एका जागी किंचित फुगते. फोनवर सूर सोडून शोधलं, ९३-९४ हर्ट्झच्या आसपास आहे. गादी मागेपुढे करून कमी होते, पण जात नाही.

सोल्डरगन

अभिनंदन. ही तुमच्या १२ फुटांची दुसरी फूग. इथे चार इंची पॅनेल पुरेसं नाही, कारण ९४ हर्ट्झची पाव तरंगलांबीच तीन फूट आहे. कोपरे भरावे लागतील.

गादीमागच्या दोन्ही कोपऱ्यांत फरशीपासून छतापर्यंत रॉकवूल रचा. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या पाट्या इन्सुलेशनवाल्यांकडे सहज मिळतात. त्यांचे त्रिकोण कापा, समोरची बाजू किमान दोन फूट ठेवा आणि एकावर एक थप्पी लावा. बाहेरून साध्या लाकडी पट्ट्यांची चौकट, तिच्यावर मांजरपाट ताणून. कापडातून फुंकर आरपार जायला हवी, रेक्झिन चालणार नाही. कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तंतू कातडीला टोचतात. तंतू बाहेर पडू नयेत म्हणून मांजरपाटाच्या आत पातळ न-विणलेल्या कापडाचा एक थर द्या. आधी एकच कोपरा भरा, घसीट ऐका, मग दुसरा.

मंद्रसप्तक

एका कोपऱ्यात दाराची फळी उघडते. तिथे छतापर्यंत जाता येणार नाही. दाराच्या वर जेवढी जागा आहे तेवढीच भरली तर?

सोल्डरगन

चालेल. भिंत आणि छत जिथे मिळतात तो सांधाही कोपराच आहे. दारावरून सुरू करून मागच्या भिंतीच्या पूर्ण लांबीला, छताच्या सांध्यात आडवा त्रिकोण न्या. रॉकवूल जवळपास तेवढंच लागेल. वजन पेलायला भिंतीत दर दोन फुटांवर एल ब्रॅकेट ठोका.